निवडुंगाचा पत्ता



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे कोणतेही झाड ठेवले की ते आधी त्याचा पत्ता विचारत. हे कुठून आले, कोणी आणले, मुळात कोणत्या मातीवर वाढत होते? नावाकडे ते नंतर वळत. निवडुंग वाढवणे, ओळखणे आणि जमवणे या छंदाबद्दल मला आज बोलायचे आहे, आणि माझे सगळे सांगणे त्यांच्या त्या पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

निवडुंगाचा छंद आपल्याला नाही, असे या सभागृहातल्या बहुतेकांना वाटत असेल. पण ज्यांच्या गच्चीत किंवा सज्जात ब्रह्मकमळ आहे, त्यांनी जरा थांबावे. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री शेजारीपाजारी बोलावून, हळदकुंकू वाहून आपण ज्या फुलाचा सोहळा करतो, ते एपिफायलम ऑक्सिपेटालम नावाच्या निवडुंगाचे आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांत तो झाडांच्या फांद्यांवर वाढतो. आपण ज्याला त्याचे पान म्हणतो तो चपटा झालेला दांडा आहे, म्हणून तर कळी त्याच्या कडेच्या खाचेतून येते. सांगली-सोलापूरकडच्या कमी पावसाच्या शिवारात खांबांवर चढवलेले ड्रॅगनफ्रूट हेही निवडुंगच. गावाच्या वेशीवरचा, लाल बोंडांचा फड्या निवडुंग तर सगळ्यांना ठाऊक आहे. हे तिघे एका कुळातले आहेत हे कशावरून ठरवायचे? काट्यांवरून नाही. काटे बाभळीला असतात, बोरीला असतात, गुलाबालाही असतात.

त्यासाठी भिंग हाती घ्यावे लागते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. निवडुंगाच्या अंगावर जिथून काटे निघतात तिथे लोकरीसारखी बारीक लव असलेला एक ठिपका दिसतो. त्याला अरिओल म्हणतात. ती खरे तर आखडलेली, वाढ थांबलेली आखूड फांदी आहे. काटे ही त्या फांदीची रूप बदललेली पाने, आणि फूल येते तेही अरिओलमधूनच. फड्या निवडुंगाच्या अरिओलमध्ये मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसांएवढ्या बारीक, उलट्या दातांच्या कुसांचा झुबका असतो. बोंड तोडताना बोटात जाऊन दिवसभर सलतात त्या या कुसा, ग्लोकिड. त्या फक्त फड्याच्या उपकुळात असतात. ब्रह्मकमळाच्या खाचेत काटे नाहीत, पण अरिओल आहे. अरिओल असलेली वनस्पती ती निवडुंग. अरिओल नसेल तर ती कितीही काटेरी, कितीही मांसल असली तरी या कुळातली नव्हे.

आपल्या डोंगरउतारांवरचा तीन धारांचा निवडुंग, कुंपणाचा शेर, वईचा थोर हे सगळे युफोर्बियाच्या कुळातले, म्हणजे एरंडाचे नातलग. त्यांचे काटे बहुधा जोडीने येतात आणि बुडाशी लोकरी ठिपका नसतो. चीक पांढरा आणि जहाल; डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. चीक आला की युफोर्बिया आणि नाही आला की निवडुंग, असा सोपा नियम अनेक जण सांगतात. तो अपुरा आहे. मॅमिलारिया या खऱ्याखुऱ्या निवडुंगाच्या कित्येक जातींना टाचणी टोचली की दुधासारखाच चीक येतो. निर्णय अरिओलवरच करायचा. दोन दूरच्या कुळांनी दुष्काळाशी झगडताना सारखेच रूप घेतले, ही उत्क्रांतीच्या इतिहासातली मोठी देखणी गोष्ट आहे. खऱ्या निवडुंगांच्या सुमारे दीड हजार जाती. त्या सगळ्या अमेरिका खंडांच्या रहिवासी. अपवाद एकच, रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. बारीक दोरीसारखी लोंबणारी ही जात आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेतही आपली आपण वाढते.

ओळख चुकली तर काय होते, याचे मला ठाऊक असलेले सगळ्यात बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

अठराव्या शतकात किरमिजी रंग सोन्यासारखा विकला जात असे. तो रंग कोचिनिअल नावाच्या किड्यापासून निघतो. हा किडा फड्या निवडुंगावर पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यात बसून रस शोषतो. चिरडला की बोटे लाल होतात. या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती, आणि किडा मिळायचा मेक्सिकोत. ईस्ट इंडिया कंपनीला तो हिंदुस्थानात हवा होता. फड्या निवडुंग इथे परदेशातून आलेलाच होता, किडा तेवढा मिळायचा राहिला होता. १७९५ साली ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले गेले. ते झपाट्याने वाढले, निवडुंगावर पसरले, पण रंग मात्र निकृष्ट निघाला. हवी होती ती डॅक्टिलोपियस कॉकस ही जात. आली होती तिची रानटी बहीण, जिला आता डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. रंगाचा धंदा बुडाला. तो किडा मात्र थांबला नाही. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातल्या फड्याच्या एका जातीची, ओपन्शिया मोनाकँथाची, रानेच्या राने त्याने फस्त केली. आगंतुक तणाचा नायनाट किड्याकडून होण्याचे जगातले पहिले मोठे उदाहरण म्हणून आज याचा दाखला दिला जातो.

पुढचा भाग तर त्याहून शिकवणारा आहे. दक्षिणेकडच्या रानात फड्याची दुसरी जात माजली होती, ओपन्शिया डिलेनीआय. शेतकऱ्याला, सरकारी अंमलदाराला दोन्ही सारख्याच दिसत. त्या किड्याला त्या सारख्या नव्हत्या. डिलेनीआयला त्याने तोंड लावले नाही. शेवटी १९२६ साली श्रीलंकेमार्गे डॅक्टिलोपियस ओपन्शिई हा वेगळा किडा आणला, आणि मग काही वर्षांत ती राने मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात त्याच सुमाराला अर्जेंटिनातल्या कॅक्टोब्लास्टिस या पतंगाच्या अळ्यांनी फड्याखाली गेलेली कोट्यवधी एकर जमीन सोडवली. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावच्या शेतकऱ्यांनी १९३६ साली त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले. जात ओळखणे हा पंडितांचा वाद नाही, त्यावर शेते उभी राहतात किंवा बुडतात. म्हणून नाव नीट शोधणाऱ्या हौशी माणसाला मी फार मान देतो.

नावांचा इतिहासही वळणावळणाचा आहे. लिनिअसने १७५३ साली सगळे निवडुंग कॅक्टस या एकाच प्रजातीत घातले, जाती अवघ्या २२. न्यूयॉर्क वनस्पती उद्यानाचे नॅथॅनिएल ब्रिटन आणि त्यांचे सहकारी जोसेफ रोझ यांनी १९१९ ते १९२३ या काळात ‘द कॅक्टेसी’चे चार खंड काढले. मेरी एमिली ईटन यांनी त्यात काढलेली जलरंगातली चित्रे आजही नाव लावायला उपयोगी पडतात. पुढे जर्मनीच्या कर्ट बॅकेबर्ग यांनी दोनशेहून अधिक प्रजाती पाडल्या, आणि त्यानंतरच्या अभ्यासकांनी त्यांतल्या बहुसंख्य पुन्हा एकत्र केल्या. आता डीएनएच्या आधारे नवी फेरमांडणी चालू आहे. आपण ज्याला नोटोकॅक्टस म्हणत आलो तो पॅरोडिया झाला. सोनेरी काट्यांचा गोल एकायनोकॅक्टस ग्रुसोनीआय अनेक अभ्यासकांच्या मते आता क्रोएनलेनिया आहे. मॅमिलारियातल्या कित्येक जाती २०२१ पासून कोकेमियात गेल्या. हौशी मंडळी यावर वैतागतात. मला वाटते वैतागू नये. नाव म्हणजे नात्याबद्दलचे आजचे मत. पुरावा वाढला की मत बदलणारच. न बदलणारी गोष्ट एकच, झाड कुठून आले ती जागा.

म्हणून जगभरचे जाणते संग्राहक नावाइतकेच क्षेत्रक्रमांकाला जपतात. डोंगरात बी गोळा करणारा माणूस आपल्या नावाची आद्याक्षरे आणि एक अनुक्रमांक देतो आणि त्यासमोर राज्य, गाव, उंची, खडक अशी नोंद ठेवतो. ‘एसबी’ अक्षरे दिसली तर ते बी न्यू मेक्सिकोतल्या स्टीव्हन ब्रॅक यांच्या नोंदवहीतले. त्या क्रमांकावरून पन्नास वर्षांनीही झाडाची मूळ टेकडी सांगता येते. नाव दहा वेळा बदलो, क्रमांक तोच राहतो. माझ्या प्रत्येक कुंडीत प्लॅस्टिकची एक पट्टी आहे. तिच्यावर शिसपेन्सिलीने नाव, क्षेत्रक्रमांक, बी पेरल्याचा महिना आणि बी कोणाकडून आले ते लिहिलेले असते. शिसपेन्सिल अशासाठी की मार्करची अक्षरे आपल्या उन्हात उडून जातात. पट्टीचा लिहिलेला भाग मातीत खोल जातो आणि तेच सगळे वहीतही उतरलेले असते. ज्या झाडाची पट्टी हरवली ते फुलते, शोभा देते, पण अभ्यासाला आणि संवर्धनाला त्याचा उपयोग संपतो. मी तर म्हणेन की लेबल नसलेल्या हजार कुंड्यांना संग्रह म्हणू नये. लेबल असलेल्या चाळीस कुंड्या हा संग्रह.

ओळखायला शिकायचे तर फूल येईपर्यंत थांबा आणि मग कळीची नळी बघा. जिम्नोकॅलिसियमच्या कळीवर गुळगुळीत खवले असतात, लव नाही, काटा नाही. एकायनोप्सिसची लांब नळी केसाळ असते. मॅमिलारियात अंगभर सुटे उंचवटे असतात. काटे उंचवट्याच्या टोकावर आणि फुले मात्र दोन उंचवट्यांमधल्या बेचक्यातून, म्हणून ती माथ्याभोवती वलयात येतात. उंचवट्याच्या वरच्या अंगावर टोकापासून बुडापर्यंत खाच दिसली तर झाड बहुधा कोरिफँथा. ही चार लक्षणे डोळ्यांत बसली की रोपवाटिकेतल्या निम्म्या कुंड्यांवरची चुकीची नावे तुमची तुम्हाला खटकायला लागतात.

आता वाढवण्याविषयी. कॅक्टसला पाणी लागत नाही, हा समज जितकी झाडे मारतो, तितकीच झाडे रोज कपभर पाणी घालण्याची सवय मारते. वाढीच्या दिवसांत पाणी भरपूर द्यावे, कुंडीच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि मग माती तळापर्यंत सुकू द्यावी. आपली खरी अडचण जून ते सप्टेंबर. हवा ओली, ऊन नाही, माती सुकत नाही. त्या चार महिन्यांत डोक्यावर पारदर्शक छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, एवढे साधले तर कोकणातही निवडुंग होतात. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग खडा हवा: चाळलेली जाड वाळू, विटांचा धुवून घेतलेला चुरा, मिळाल्यास प्युमिस. उरलेल्या भागात पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत आणि थोडा कोळसा. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळजवळ बंद. देशावरच्या थंडीत मिळालेली ही कोरडी विश्रांती मेक्सिकोच्या जातींना मानवते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कळ्या धरतात. एप्रिल-मेच्या चाळिशीत ५० टक्क्यांची शेडनेट लावावी. पाणी संध्याकाळी द्यावे. निवडुंग आपली पर्णरंध्रे रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यावर अन्न करतो. त्याचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो.

मुळांतून कूज चढली तर झाड टाकू नका. स्वच्छ, धारदार सुरीने बुडातून आडवा काप घ्या. कापलेल्या चकतीच्या मधोमध रसवाहिन्यांचे एक कडे दिसते. त्या कड्यात तांबूस किंवा तपकिरी डाग असेल तर सुरी स्पिरिटने पुसून वर आणखी एक पातळ चकती काढा, मग आणखी एक. कडे आणि गर पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचे नाही. नंतर तो भाग सावलीत, वाऱ्यावर, काप कडक होईपर्यंत ठेवायचा. मोठ्या झाडाला दोन-तीन आठवडेही लागतात. मग कोरड्या वाळूवर नुसता टेकवायचा. मुळे फुटतात. पिठ्या ढेकणासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला कुंचला पुरतो, पण कुंडी बदलताना मुळांकडे बघायला विसरू नका. तिथे पांढरी पूड दिसली तर किडा खाली बसलेला आहे.

या छंदातला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे बी पेरणे. अ‍ॅस्ट्रोफायटमचे बी टोपीसारखे, तपकिरी, चकचकीत. ताजे असेल तर दोन-चार दिवसांत उगवते. पॅरोडियाचे बी मात्र धुळीसारखे. कागदावर घेऊन श्वास रोखूनच पेरावे लागते. वाफवून घेतलेले बारीक मिश्रण, त्यावर बी, वर माती टाकायची नाही, डबा ओला करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, २५ ते ३० अंश तापमान आणि थेट ऊन नाही असा उजेड. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे मणी दिसतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक मण्याला दोन बीजपत्रांचे इवलेसे कोंभ असतात, आणि त्यांच्या मधून पहिला अरिओल, पहिले पांढरे, मऊ काटे. पुष्कळ जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. त्यामुळे बी धरायचे तर दोन वेगवेगळ्या बियांपासून झालेली झाडे एकाच दिवशी फुललेली हवीत, आणि एकाचे पराग दुसऱ्यावर कुंचल्याने न्यावे लागतात. इथे माणसांची गरज पडते. तुमच्याकडे एक, माझ्याकडे एक, आणि फूल आले की फोन. छंदाच्या मैत्र्या अशाच जमतात.

पण या छंदाला काळी बाजूही आहे आणि तिच्याबद्दल मी हातचे राखून बोलणार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत १,४७८ जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या ३१ टक्के धोक्यात निघाल्या. शेती, गुरे, बांधकाम ही कारणे आहेतच. त्यांच्याबरोबर एक कारण आपण आहोत, म्हणजे संग्राहक. उत्तर चिलीच्या अटाकामा वाळवंटात कोपियापोआ नावाचे निवडुंग समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगतात. वाढ इतकी मंद की मोठ्या गड्ड्याचे वय माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त असू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीत एका संग्राहकाच्या घरी अशी हजाराहून अधिक झाडे पोलिसांना सापडली. त्यांतली ८४४ झाडे २०२१ साली चिलीला परत पाठवली गेली. झाडे परत गेली, पण प्रत्येक झाड नेमके कोणत्या उतारावरून उपटले होते, हे आता कोण सांगणार? मेक्सिकोच्या नुएवो लिऑन राज्यातल्या जिप्समच्या कड्यांवर १९९१ साली अ‍ॅझ्टेकियम हिंटोनीआय आणि जिओहिंटोनिया या दोन अपूर्व वनस्पती मिळाल्या. शास्त्रीय वर्णन छापून शाई वाळते न वाळते तोच त्या चोरवाटेने युरोप-जपानच्या काचघरांत पोहोचल्या. नवी जात सापडली की आता अभ्यासक नेमकी जागा छापायला कचरतात. ज्या पत्त्याचे मी इतके कौतुक केले, तो लपवण्याची पाळी संग्राहकांच्या हावरेपणाने आणली आहे.

याची दुसरी बाजूही खरी आहे. सोनेरी काट्यांचा तो ग्रुसोनीआय मेक्सिकोत दुर्मीळ आहे. झिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याच्या मूळ अधिवासाचा मोठा भाग गेला. जगभरच्या रोपवाटिकांत मात्र तो बियांपासून लाखोंनी होतो, म्हणून त्यासाठी कोणाला डोंगर चढावा लागत नाही. बियांपासून मुबलक झालेले झाड चोराचा भाव पाडते. धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स करारानुसार जवळजवळ सगळे निवडुंग कुळ नियंत्रित व्यापाराच्या यादीत आहे. एरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस, टर्बिनिकार्पस, अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास यांच्यासारख्यांच्या रानातल्या झाडांच्या व्यापाराला बंदी आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली गेली. पण कायद्याआधी आपले डोळे कामाला यायला हवेत. रानातून उपटलेले झाड ओळखता येते. बूड बुचासारखे, जखमांचे व्रण, अंग एका बाजूला कललेले, जुने काटे झिजलेले, जाड मूळ तोडलेले आणि भोवती नवी केसमुळे. बियांपासून वाढवलेले झाड मातीपर्यंत एकसारखे आणि स्वच्छ असते. पहिल्या प्रकारचे झाड कोणी कितीही स्वस्तात दिले तरी घेऊ नका.

आणि हे फक्त मेक्सिको-चिलीचे दुखणे नाही. जुन्नर, शिवनेरी, पुरंदर परिसरातल्या कड्यांवर शिंदळ माकुडी वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. अलीकडे तीही दुसऱ्या प्रजातीत गेली आहे. ती निवडुंग नव्हे, रुईच्या कुळातली मांसल वनस्पती आहे. गर्द लाल-जांभळे, पिवळ्या ठिपक्यांचे, पाच पाकळ्यांचे फूल. महाराष्ट्राबाहेर ती रानात कुठेही नाही. जगभरच्या मांसल वनस्पतींच्या संग्राहकांना ती हवी असते. गंमत अशी की फांदीच्या तुकड्यापासून ती सहज होते, म्हणजे रानातले झाड उपटण्याचे काहीच कारण नाही. तिच्या नात्यातल्या कंदीलपुष्पांचे जतन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्या चिकाटीने केले, तोच रस्ता हौशी माणसांनीही धरावा: रोपे करा, वाटा, नोंद ठेवा. गड चढताना ती दिसली तर फोटो काढा आणि फोटोसोबत नेमकी जागा जाहीर करू नका.

श्रोत्यांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी रोपवाटिकेत निवडुंग विकत घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, हे बियांचे की कलमाचे, आणि बी कुठले? पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. पुन्हा विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की दुकानदारही पुढच्या खेपेला माहिती घेऊन ठेवील. घरी आल्यावर त्याच दिवशी पट्टी लिहा. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी अ‍ॅस्ट्रोफायटम आणि मॅमिलारियाचे, माझ्याच झाडांवर धरलेले बी मी आज आणले आहे. व्यासपीठाच्या उजवीकडच्या मेजावर पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पुडीवर नाव, क्रमांक आणि बी धरल्याचा महिना लिहिला आहे. पुडी न्या, पेरा, आणि त्या तीन ओळी न विसरता कुंडीतल्या पट्टीवर आणि वहीत उतरवून ठेवा.